खाता की लावता

झाडाला पळता येत नाही, हे वाक्य मी गेली अठ्ठावीस वर्षं दर वर्षी एकदा म्हणते. कल्याणच्या बाजूला एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते, आणि वनस्पतींमधल्या अल्कलॉइड्सचा धडा याच वाक्याने सुरू करते. कीड आली म्हणून झाडाला उठून दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून ते आपल्या पानात, बोंडात, सालीत काहीतरी कडू करून ठेवतं. तंबाखू निकोटीन करते, धोतरा अ‍ॅट्रोपीन करतो, खसखशीचं बोंड मॉर्फीन करतं. हे कडू पदार्थ म्हणजे अल्कलॉइड्स. किड्याने पान कुरतडलं की ते त्याच्या मज्जातंतूंवर चालून जातात. आणि किड्याच्या मज्जातंतूंचं काम आपल्यासारखंच चालत असल्यामुळे ते आपल्यालाही सोडत नाहीत. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, म्हणजे आपण किडे?" मी म्हणते, "काही जण." वर्ग हसतो. दर वर्षी तोच विनोद, पण मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

पुस्तकात पुढे कुलूप आणि किल्लीचं चित्र असतं. मला ते आवडत नाही. मी पंगत सांगते. मज्जातंतूंवर जे रिसेप्टर असतात ते पाट समजा. घरचा माणूस म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. तो येतो, पाटावर बसतो, दोन घास खातो आणि लगेच उठतो. तेवढ्यात निरोप पुढे गेलेला असतो. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपीन येऊन पाट अडवून बसतं. स्वतः जेवत नाही आणि घरच्यालाही बसू देत नाही. निकोटीन हा वेगळा पाहुणा. तो बसतो, चवीने जेवतो, पण मग उठतच नाही, तिथेच पेंगतो. घरच्यांना पाट पुरेनात म्हणून मेंदू आणखी पाट मांडतो. पाहुणा रोजचा, म्हणून जादा पाटही रोजचेच होतात. मुलांना हे पटकन कळतं. परीक्षेत मात्र सगळी कुलूप-किल्लीच लिहितात.

हे सगळं मला पाठ होतं, एवढंच इथे सांगायचं आहे. पुढे जे झालं ते अज्ञानामुळे झालं असं म्हणायची सोय मला नाही.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. वय ब्याऐंशी. आम्ही डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. कल्याणच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर फॉर्म भरायला आला. नवरा मागे उभा होता आणि मी शेजारी, हातात फाइल आणि तोंडात उत्तरं तयार. बीपीचं मी सांगितलं, शुगरचं मी सांगितलं, अ‍ॅलर्जीचंही मीच सांगितलं. मग त्याने पेन थांबवून त्यांच्याकडेच बघत विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?"

आईंनी आधी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंना मी आईच म्हणते.

"नाय," त्या म्हणाल्या.

"पूर्वी मिसरी लावायच्या," मी जोडलं, आणि खरं सांगायचं तर जरा मिरवतच, "पण सोडून तीस वर्षं झाली. मीच सोडवली."

त्याने 'व्यसन' या शब्दापुढे 'नाही' असं लिहिलं आणि खाली मी सही केली.

मिसरी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून त्यांची पूड करायची आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. थोडा वेळ तशीच तोंडात धरायची, मग थुंकून चूळ भरायची. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांची सकाळ तिनेच उजाडते, आणि काहींची दुपार-संध्याकाळही तिच्यावाचून सरकत नाही. आईंचं माहेर टिटवाळ्याच्या पलीकडचं, भातशेतीचं. माझं माहेर डोंबिवलीतलंच, घरात सगळे मास्तर. आमच्याकडे चहासुद्धा दिवसातून दोनदाच व्हायचा. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी एकदा बाहेरून आले तर जिन्यात अख्खी बिल्डिंग खोकत होती. वर आई शांतपणे तव्यावर तंबाखू भाजत बसल्या होत्या.

मी नवी, शिकलेली, आणि जगाला सुधारायची घाई असलेली. मी त्यांना समोर बसवून रिसेप्टर समजावून सांगितले. खरंच सांगितले, कागदावर चित्र काढून. त्यांनी तो कागद नीट उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "चित्र छान काढतेस गं."

मग मी रडले. शास्त्राने झालं नाही ते रडण्याने झालं. मी त्यांना देव्हाऱ्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, "आई, देवासमोर सांगा, यापुढे तंबाखू खाणार नाही." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग हात जोडले आणि अगदी मोकळ्या मनाने म्हणाल्या, "देवाशप्पथ सांगते, मी तंबाखू खाणार नाय." मी जिंकले. तो तवा मी भंगारात दिला. मिसरी हा शब्दसुद्धा या घरात नको, असं जाहीर केलं, आणि तो शब्द घरातून गेला. त्यानंतर दर वर्षी धड्याच्या शेवटी मी मुलांना सांगत आले की माझ्या सासूबाईंनी एका दिवसात मिसरी सोडली, फक्त इच्छाशक्ती लागते.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा आईंनी मला "वहिनी" अशी हाक मारली. मी हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलंच नाही. पलंगाच्या कठड्याला धरून उठू बघत होत्या, "म्हस सुटली, अगो धरा तिला," असं ओरडत होत्या. अंग घामाने भिजलेलं, डोळ्यांत भीती. सलाइन बघायला आलेल्या नर्सला त्यांनी अशी शिवी घातली की मी इकडेतिकडे बघायला लागले. तीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'मेल्या'च्या पुढचा शब्द ऐकला नव्हता.

आणि त्यांचा उजवा हात थांबत नव्हता. डाव्या तळव्यावर काहीतरी चाळा करायचा, मग पहिलं बोट तोंडात जायचं, हिरड्यांवर फिरायचं, बाहेर यायचं, पुन्हा तळव्यावर. म्हाताऱ्या रुग्णांचं असं हवेत चाचपणं मला पुस्तकातून माहीत होतं. त्याला वैद्यकात एक भारदस्त नावही आहे. नाव माहीत असलं की माणूस पुढे बघत नाही. त्या हालचालीत एकदा सलाइनची नळी अडकली आणि सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं. नर्स म्हणाली, "मॅडम, हात बांधायला लागेल. इथे सही करा." मी सही केली. मऊ कापडी पट्टीने त्यांचा उजवा हात कठड्याला बांधला. बोट तरीही हलतच राहिलं.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी औषधांचा कागद मागून घेतला आणि ओळन् ओळ तपासली. त्यात लघवीच्या त्रासासाठी एक गोळी होती, तिचं काम थेट अ‍ॅट्रोपीनच्या जातीचं. म्हाताऱ्या मेंदूत आधीच घरचा माणूस कमी फिरकतो, त्यात पाट अडवणारा आणून बसवला तर गोंधळ होणारच. मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं, नम्रपणे वाद घातला आणि ती गोळी बंद करवली. चोर सापडला म्हणून नवऱ्याला फोनही केला. दोन दिवस गेले आणि काडीचाही फरक पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा स्कॅन झाला. कशात काही नाही. मोठे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी आम्हा दोघांना बाजूला बसवलं आणि सांगितलं की या वयात कधी कधी आतून सुरू झालेलं विसरणं ऑपरेशननंतर उघडं पडतं. काहींचं भान परत येतं, काहींचं येत नाही. "घरी पूर्ण वेळ बघायला कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं नोकरी करणारे, मुलगी बंगळुरूला.

दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसमधून परस्पर ठाण्याला जाऊन आला. कोलशेतला खाडीच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं एक केंद्र होतं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. खिडक्यांना जाळ्या, पलंगांना कठडे, भिंतीवर मोठ्या अक्षरांत वार लिहिलेला.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "एकच पलंग रिकामा आहे. सोमवारपर्यंत कळवा म्हणालेत."

मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. माझी पीएच.डी. या बाईच्या जिवावर झाली. मुलगी तापाने फणफणलेली असताना तिला मांडीवर घेऊन या बसून राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तू लिही, आम्ही दोघी आहोत." त्यांना कठड्याच्या पलंगावर ठेवून यायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. आणि खोटं कशाला लिहू, त्याच वेळी थोडं सुटल्यासारखंही वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

हे झालं शुक्रवारी. शनिवारी सकाळी दिवसपाळीला नवीन मावशी आल्या. रुग्णांना पुसणं, कपडे बदलणं, भरवणं हे त्यांचं काम. पन्नाशीच्या, टिटवाळ्याहून येणाऱ्या, बुटक्या आणि दणकट. त्यांनी आधी पट्टी सोडली आणि आईंचा हात कोमट पाण्याने पुसायला घेतला. हात सुटल्याबरोबर चाळा सुरू झाला. मावशी पुसायच्या थांबल्या. फडकं तसंच हातात धरून बघत राहिल्या.

"ताई, यांची डबी कुठंय?" त्यांनी मला विचारलं.

"कसली डबी?"

"मिसरीची. बघा ना. ही डाव्या हातात डबी धरली. ही वरून टिचकी मारली. आता बोट बुडवलं. आणि हे बघा, लावतायत." आईंचं बोट हिरड्यांवर फिरत होतं. "किती दिस झाले बिचाऱ्या मागतायत?"

"त्या तंबाखू खात नाहीत," मी म्हणाले.

"नसतील खात," मावशी म्हणाल्या. "मी पण कुठं खाते? मी लावते."

एवढं बोलून त्यांनी कमरेची पिशवी चाचपली, एक छोटी पत्र्याची डबी काढली आणि नुसती उघडून आईंच्या नाकापाशी धरली. भाजलेल्या तंबाखूचा तो वास मी तीस वर्षांनी घेतला. आईंची मान वळली. पाच दिवस भिरभिरणारे डोळे पहिल्यांदा एका जागी थांबले. त्या डबीकडे बघत त्या अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "आण."

मी डबी मिटायला लावली आणि बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

"आई मिसरी लावतात?"

"तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"म्हणजे लावतात."

"अगं, सगळ्यांना माहितीये. बाथरूमच्या खिडकीत ती बामची जुनी डबी असते ना? तीच."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस? पाच दिवस तो माणूस कारण शोधतोय!"

"त्यांनी तंबाखूचं विचारलं. मिसरी काय तंबाखू आहे का? ती दात घासायची असते."

माझा नवरा इंजिनिअर आहे. मी त्याला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईंनी नर्सला घातलेली शिवी त्यापुढे सभ्य होती. बोलून झाल्यावर मी त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले आणि एकेक गोष्ट आठवायला लागली. रोज सकाळी आई बाथरूममध्ये पाव तास बसायच्या, त्याला मी बद्धकोष्ठ समजत होते. बारा-पंधरा वर्षं मी त्यांना न चुकता इसबगोल दिलं, आणि त्यांनी ते न बोलता प्यायलं. दर संकष्टीला त्या टिटवाळ्याच्या गणपतीला जायच्या, येताना माहेरी डोकावून यायच्या, आणि मी मैत्रिणींना सांगायचे की श्रद्धा असावी तर आमच्या आईंसारखी. प्रसादाच्या पुड्याबरोबर दुसरा पुडाही येत असणार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आणि मग पंगत डोळ्यांपुढे आली. जन्मभर रोज येणारा पाहुणा. त्याच्या हिशोबाने मांडलेले जादा पाट. त्या पडल्या त्या दिवसापासून पाहुणा एकाएकी बंद, आणि पाट सगळे तसेच, रिकामे, वाट बघत. घाम, चिडणं, भीती, भलतंच दिसणं, हे मी फळ्यावर लिहून देते. मुलं वहीत उतरवून घेतात. आणि तीच यादी माझ्यासमोर पलंगावर हात बांधून पडली होती तेव्हा मी ती वाचली नाही.

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "आम्हीच नीट विचारायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी आईंच्या दंडाला निकोटीनची पट्टी लावायला सांगितली. चामडीतून थोडं थोडं निकोटीन आत जातं, मेंदूला एकदम तुटल्यासारखं होत नाही. "हे एकच कारण असेल असं मात्र मी म्हणणार नाही," त्यांनी बजावलं. "वय आहे, भूल आहे, ती गोळी होती. वाट बघू." मीही शास्त्राची माणूस आहे, मला ते मान्य होतं. पण हात बांधायची पट्टी मी स्वतः काढली आणि घडी करून पर्समध्ये टाकली.

रविवारी त्या बराच वेळ झोपल्या. जाग्या झाल्या तेव्हा म्हशीचं नाव काढलं नाही. सोमवारी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी गेले, तर मावशींनी त्यांना टेकून बसवलं होतं आणि त्या बशीतून चहा पीत होत्या.

"आज कॉलेज नाय तुला?" त्यांनी विचारलं.

मला रडू कोसळलं. मी त्यांचे पाय धरले, म्हणजे धड असलेला पाय धरला. त्या जरा वैतागल्या. मग बशी खाली ठेवून त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. त्यावर अजून लालसर वळ होता.

"हात कोणी बांधलेला माझा?"

मावशी खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मी," मी म्हणाले. "मी सही केली, आई."

त्या मनगट चोळत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील आणि ते मला जन्मभर पुरेल. पण त्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता.

"मी खोटं नाय बोलले," त्या म्हणाल्या. "त्या डॉक्टराने खाता का विचारलं."

"आणि तेव्हा देवासमोर?"

"तिथंपण तू खाणार नाही म्हणा म्हणालीस. मी जन्मात कधी खाल्ली नाय. मळमळतं मला." मग जरा थांबून म्हणाल्या, "लावता का, असं विचारलं असतंस तर देवासमोर खोटं कशी बोलले असते?"

त्याच दुपारी नवऱ्याने कोलशेतला फोन करून पलंग नको म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर दंडावरच्या पट्ट्या हळूहळू कमी करत नेल्या. मधे दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. खालच्या ओठाच्या आत पांढरा डाग होता. त्यांनी तपासून सध्या घाबरायचं कारण नाही म्हटलं, पण मिसरी आता कायमची बंद, हे आईंना समोर बसवून सांगितलं. चित्र काढलं नाही. आईंनी मान डोलावली. मला वाटलं त्या भांडतील, पण त्या म्हणाल्या, "आता लपवायला कोण राहिलंय? मजाच गेली."

तरी सकाळी गॅलरीत खुर्चीवर बसल्या की त्यांचं रिकामं बोट हिरड्यांवर फिरायचं. मला ते बघवेना. मी बदामाची टरफलं जमवली, नवीन लोखंडी तवा आणला, टरफलं काळी होईपर्यंत भाजली आणि मिक्सरला बारीक करून वाटीत त्यांच्यापुढे ठेवली. जुन्या लोकांची दात घासायची राखुंडी असते ती. दिसायला हुबेहूब मिसरी, आणि त्यात कुठलंही अल्कलॉइड नाही. या वेळी बिल्डिंग खोकली नाही. आईंनी बोट बुडवलं, लावलं, आणि तोंड वाकडं केलं.

"जळकी आहे नुसती. जीव नाय हिच्यात."

पण वाटी परत दिली नाही.

तेव्हा मी त्यांना विचारलं, की आई, तुम्ही सुरू कशासाठी केलीत? तीस वर्षांत मी त्यांना मिसरीने काय होतं ते सांगितलं होतं. त्या का लावतात ते विचारलं नव्हतं.

"सात-आठ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "दाढ दुखली म्हणून आयेनं लावली. मग भातलावणीच्या दिवसांत बरं पडायचं. भूकच लागायची नाय."

हे मला माहीत होतं; निकोटीन भूक मारतं, फळ्यावर तेही लिहिते मी. मी मान हलवली.

"मग लग्न होऊन इथं आले. पाच वाजल्यापासून हाका. पाणी आलं, दूध आलं, चहा कुठाय, माझा सदरा कुठाय. पण तोंडात मिसरी असली की बोलता येत नाय ना. कोणी हाक मारली की हात करायचा, थांब. आतून कोणीतरी सांगायचं, मिसरी लावतेय ती. की सगळे थांबायचे. सासूपण थांबायची माझी, आणि ती काय बाई होती तुला माहीत नाय. दिवसातला तेवढा पाव तास माझा." त्यांनी वाटी मांडीवर घेतली. "तू आलीस, मग मी तो बाथरूममध्ये नेला. तिथंपण तू दार वाजवायचीस. आई, बरं वाटत नाही का? इसबगोल देऊ का?"

माझ्या आवाजाची त्यांनी इतकी बरोबर नक्कल केली की मला हसू आलं. मी त्यांना म्हटलं, "माझं चुकलं, आई." त्या म्हणाल्या, "तुझं चांगलंच होतं, पण तू फार जोरात चांगली होतीस."

या वर्षी धडा शिकवताना इच्छाशक्तीचं ते उदाहरण मी गाळलं. पंगत तशीच ठेवली. शेवटी मुलांना फक्त क्रियापदं लिहून दिली: खाता का, ओढता का, हुंगता का, गालात धरता का, लावता का. आणि सांगितलं, की हे विचारताना शेजारी सून उभी असेल तर आधी तिला बाहेर पाठवा. वर्ग हसला. हा नवीन विनोद आहे असं त्यांना वाटलं.

दंडावरची शेवटची पट्टी निघूनही आता बरेच महिने झाले. आई काठी घेऊन घरात फिरतात. सकाळी गॅलरीतल्या खुर्चीवर बसतात, मांडीवर राखुंडीची वाटी, तोंड मिटलेलं, नजर समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर. परवा मी शेजारीच कपडे वाळत घालत होते. आतून नवऱ्याची हाक आली, "आई, माझा चष्मा पाहिलास का?" मग दुसरी हाक, मग तिसरी. साठीच्या घरात आलेला माणूस, चष्मा अजून आईलाच विचारतो.

आईंचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला. त्या उठायला लागल्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि आत तोंड करून मोठ्याने म्हणाले, "थांब जरा. मिसरी लावतायत त्या."